पांढऱ्यावरचा डाग, बुबुळावरचे फूल

वाचकांचे प्रश्न : डोळ्यांचे आरोग्य

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे डोळ्यांत दिसणाऱ्या डागांविषयी आणि डोळ्यांच्या बदललेल्या रंगाविषयी आहेत. त्यांतील काही निवडून, पत्रलेखकांची नावे न देता, या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे वाचताना एक अडचण वारंवार आली. ‘डोळ्यात पांढरा डाग आहे’ एवढेच कोणी लिहिले तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही, कारण तोच पांढरा डाग एका जागी असला तर निरुपद्रवी असतो आणि अर्ध्या सेंटीमीटरने सरकला तर डोळा घालवणारा असू शकतो. समुद्रपूर तालुक्यातील एका आजोबांनी मात्र वहीच्या पानावर डोळ्याचे चित्र काढून, डाग जिथे आहे तिथे पेन्सिलीने गिरवून पाठवले. इतके उपयोगी पत्र क्वचितच येते. म्हणून उत्तरांच्या आधी त्या चित्राचीच थोडी उजळणी करू.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो आणि त्यात बारीक रक्तवाहिन्या असतात. मधला काळा-तपकिरी गोल म्हणजे बुबुळ. बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा स्वच्छ पडदा बसवलेला असतो. त्याला पारपटल म्हणतात. बोलण्यात आपण त्यालाही बुबुळच म्हणतो, परंतु येथे घोटाळा टाळण्यासाठी त्याला ‘काच’ म्हणू. बुबुळाच्या मधोमध दिसते ते काळे छिद्र म्हणजे बाहुली, आणि बाहुलीच्या मागे भिंग असते. पांढऱ्या भागावरचा डाग सहसा नजरेला धोका पोचवत नाही. काचेवर नव्याने आलेला, दुखणारा डाग त्याच दिवशी दाखवावा लागतो. लहान मुलाच्या बाहुलीत पांढरेपणा दिसला, तर वेगळे कारण सिद्ध होईपर्यंत तो गंभीरच समजावा लागतो.

प्रश्न : माझे वय ४६ असून लहानपणापासून वावरात काम करतो. उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढून बुबुळावर आले आहे. उन्हातून आले की डोळा लाल होतो आणि रेती गेल्यासारखे खुपते. आठवडी बाजारात बसणारा एक वैदू ते मांस औषधाने गाळून देतो म्हणतो. गावात काही जण याला मोतीबिंदू म्हणतात. काय करावे? (आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : हा मोतीबिंदू नव्हे. मोतीबिंदू बाहुलीच्या आत, भिंगात होतो. तुमचे मांस डोळ्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. पांढऱ्या भागावरचा पापुद्रा जाड होऊन त्रिकोणी आकारात काचेवर चढतो, त्याला बोलीत ‘वेल’ किंवा ‘मांस वाढणे’ म्हणतात. उन्हातील अतिनील किरणे हे त्याचे मुख्य कारण मानले जाते, आणि धूळ व कोरडा वारा त्यात भर घालतात. मार्चपासून जूनपर्यंत विदर्भाचे ऊन कसे असते हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही. परंतु डोळ्याला होणारी इजा केवळ उन्हाळ्याची नसून, डवरणीपासून वेचणीपर्यंत उघड्या वावरात काढलेल्या वर्षांची ती बेरीज असते. म्हणूनच वेल शेतकरी, मेंढपाळ आणि रस्त्याच्या कामावरील मजूर यांच्यात अधिक आढळते. ती बहुतेक वेळा नाकाच्या बाजूनेच का येते, याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते, की कानशिलाकडून तिरपा येणारा प्रकाश काचेतून वळून नेमका त्या कडेवर एकवटतो.

याच जागी कित्येकांना केवळ पिवळसर उंचवटा असतो आणि तो काचेवर चढत नाही. तो वेलीचा सौम्य भाऊ समजावा. त्याला उपचार लागत नाही.

तुमची वेल काचेच्या कडेवर थांबलेली असेल तर घाई नाही. डोळा कोरडा पडू नये म्हणून अश्रूंसारखे थेंब, रुंद काठाची टोपी किंवा कपाळावर पुढे ओढून बांधलेला दुपट्टा, आणि अतिनील किरणे अडवणारा चष्मा एवढे पुरते. ती बाहुलीच्या दिशेने सरकत असेल, काच ओढली जाऊन चष्म्याचा नंबर वाकडा पडत असेल, किंवा लाली कमीच होत नसेल, तर शस्त्रक्रिया करावी. पूर्वी वेल नुसती खरवडून काढत असत आणि ती पुष्कळांना परत येत असे. आता मोकळ्या झालेल्या जागी त्याच डोळ्याच्या वरच्या भागातील पापुद्र्याचा लहान तुकडा बसवतात, त्यामुळे पुन्हा वाढण्याचे प्रमाण खूपच कमी झाले आहे. तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख घेताना ‘तुकडा बसवणार का’ हे अवश्य विचारा. असे विचारल्याने डॉक्टर रागावत नाहीत, आणि रागावलेच तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे.

मांस गाळणाऱ्या औषधाविषयी एवढेच सांगतो, की जे औषध मांस जाळते ते काचही जाळते. काच परत उगवत नाही.

प्रश्न : आमच्या अंगणवाडीतील साडेतीन वर्षांच्या मुलीच्या दोन्ही डोळ्यांत, बुबुळाच्या बाहेरच्या बाजूला, साबणाच्या फेसासारखा पांढरा ठिपका आहे. पुसला की थोडा निघतो, पुन्हा येतो. संध्याकाळी ती खेळताना अडखळते, ताट समोर असून चाचपडते. आई म्हणते, नजर लागली. (अंगणवाडी सेविका, धारणी तालुका, जि. अमरावती)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील ताटाचे वाक्य वाचल्यावर निदान जवळपास झालेच होते. फेसाळ ठिपका आणि तिन्हीसांजेला चाचपडणे ही दोन्ही जीवनसत्त्व ‘अ’च्या कमतरतेची लक्षणे आहेत. फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टर बितो यांनी १८६३ मध्ये रातांधळेपणा असलेल्या मुलांच्या डोळ्यांतील या ठिपक्यांचे वर्णन केले, म्हणून आजही त्यांना ‘बितोचे ठिपके’ म्हणतात. अंधुक उजेडात पाहण्यासाठी डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्यात जो रंगद्रव्याचा पदार्थ लागतो, तो जीवनसत्त्व ‘अ’पासून तयार होतो. तो कमी पडला की आधी रातांधळेपणा येतो, मग डोळ्याचा ओलावा कमी होऊन पांढरा भाग सुरकुततो व निस्तेज होतो, आणि हे ठिपके दिसू लागतात.

इथपर्यंतचे नुकसान भरून निघणारे असते. त्यापुढची पायरी मात्र काच मऊ पडून विरघळण्याची आहे आणि ती कित्येकदा काही दिवसांतच गाठली जाते, विशेषतः मुलाला गोवर किंवा जुलाब झाले तर. म्हणून या मुलीला पुढच्या शिबिराची वाट न पाहता आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. ठरलेली पद्धत अशी आहे : एक वर्षावरील मुलाला २ लाख युनिटचा डोस पहिल्या दिवशी, तेवढाच दुसऱ्या दिवशी आणि तिसरा दोन आठवड्यांनी. हा डोस डॉक्टरांच्या हातूनच द्यायचा आहे. जीवनसत्त्व ‘अ’ शरीरात साठते आणि जास्त झाले तर बाधते, त्यामुळे ‘औषध चांगले आहे, थोडे अधिक देऊ’ हा हिशेब येथे चालत नाही.

शासनाच्या नेहमीच्या कार्यक्रमात प्रत्येक बालकाला नवव्या महिन्यात गोवर-रुबेला लसीबरोबर १ लाख युनिट, नंतर सोळा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान २ लाख आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख, असे एकूण ९ डोस मिळायला हवेत. या मुलीचे कार्ड काढून पाहा. मेळघाटात कुटुंबे कामासाठी महिनोन्‌महिने बाहेर जातात आणि नेमके तेच डोस हुकतात; यात आईचा दोष शोधण्यात अर्थ नाही. तिची धाकटी भावंडे असतील तर त्यांचेही डोळे पाहा, कारण चूल एकच असते.

आहाराबद्दल बोलताना मी गाजराचे नाव मुद्दाम घेत नाही. शेवग्याचा पाला, पावसाळ्यातील तरोट्याची भाजी, अंबाडी, पिकलेली पपई, लाल भोपळा, अंडे, आणि घरात चालत असेल तर बकऱ्याचे काळीज, हे सारे तुमच्या भागात मिळते. भाजीत चमचाभर तेल असावे, कारण तेलावाचून हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही.

एक बारकावा राहिला. उपचारानंतर रातांधळेपणा काही दिवसांत जातो, परंतु फेसाळ ठिपका काही मुलांत, विशेषतः जरा मोठ्या मुलांत, बराच काळ टिकतो. संध्याकाळी मूल नीट चालू लागले असेल तर केवळ ठिपका राहिला म्हणून डोस वाढवू नयेत.

प्रश्न : सकाळी उठलो तो डाव्या डोळ्याचा पांढरा भाग रक्तासारखा लाल! दुखत नाही, दिसते नीट. घरच्यांनी दवाखान्यात न्यायची तयारी केली आहे. (हिंगणघाट)

उत्तर : तुमचे पत्र माझ्या हाती पडेपर्यंत तो डाग गेलाही असेल. पापुद्र्याखालची बारीक रक्तवाहिनी फुटली की रक्त पसरते आणि भयंकर दिसते, पण ते डोळ्याच्या आत नसते. जोराचा खोकला, शिंक, उलटी, शौचाच्या वेळी जोर करणे, पोते उचलणे, डोळा चोळणे यांपैकी काहीही त्याला पुरते. दंडावरचे वळ जसे रंग बदलत जातात तसा तो पिवळसर होत दोन आठवड्यांत जातो. थेंब लागत नाहीत. मात्र रक्तदाब मोजून घ्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि असे वारंवार झाले किंवा डोळ्याला मार लागल्यानंतर झाले तर अवश्य तपासा.

प्रश्न : सोयाबीनच्या सोंगणीत आईच्या डोळ्याला काडी लागली. मेडिकलमधून थेंब आणले, दोन दिवस लाली कमी झाली. गावात एक बाई जिभेने डोळ्यातील कचरा काढते, तिच्याकडेही नेले. आठव्या दिवशी बुबुळावर मिरीएवढा पांढरा ठिपका दिसू लागला, उजेड सहन होत नाही, पाणी वाहते. शेजारी म्हणतात, फूल पडले, मध घाला. (दर्यापूर तालुका, जि. अमरावती)

उत्तर : या पत्राला टपालाने उत्तर देऊन भागणारे नव्हते, म्हणून ते हाती येताच आईला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे नेण्याचा निरोप कळवला होता. येथे सविस्तर लिहितो, कारण प्रत्येक हंगामात हीच गोष्ट वेगवेगळ्या घरांत घडते.

गावात ‘फूल’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरला जातो. काचेवरची जखम भरून आल्यानंतर मागे राहणारा पांढरा व्रण हे खरे फूल. ते दुखत नाही. तुमच्या आईच्या डोळ्यातील ठिपका दुखतो, त्यातून पाणी येते आणि उजेड सोसवत नाही. म्हणजे ती चालू असलेली जखम आहे, तिच्यात जंतू किंवा बुरशी वाढते आहे, आणि तिचे फूल व्हायचे आहे. उपचार किती लवकर सुरू होतो यावर ते फूल मिरीएवढे राहणार की सगळ्या काचेवर पसरणार हे ठरते.

आपल्याकडे अशा जखमांमागे पुष्कळदा बुरशी असते. सोयाबीनची काडी, तुरीची तुराटी, पऱ्हाटीच्या बोंडाचे टोक, पूर्वेकडच्या जिल्ह्यांत धानाचे कुसळ, हडंब्यातून (मळणीयंत्रातून) उडणारे कुटार, या साऱ्यांवर बुरशीचे कण असतातच. काडी काचेवर ओरखडा काढते आणि त्याच क्षणी बी पेरते. बुरशी सावकाश वाढते, म्हणून पहिले तीन-चार दिवस ‘किरकोळ लागले’ असे वाटते. नेमक्या याच दिवसांत मेडिकलमधून आणलेल्या थेंबांत स्टेरॉईड असले, तर लाली व दुखणे कमी होते आणि डोळा बरा झाल्यासारखा भासतो. प्रत्यक्षात शरीराचा प्रतिकार दाबला गेल्यामुळे बुरशीला मोकळे रान मिळते. तुमच्या आईच्या थेंबांची बाटली फेकू नका. ती डॉक्टरांना दाखवा, त्यावरील नाव वाचून त्यांना पुष्कळ कळेल.

जिभेने कचरा काढणाऱ्या बाईंचा हेतू चांगला असतो आणि त्यांच्या हाताला (म्हणजे जिभेला) कसबही असते, हे मी नाकारत नाही. पण तोंडातील जंतू ताज्या ओरखड्यात सोडण्याचा याहून थेट मार्ग नाही. मध, दूध, तूप, एरंडेल, अंगावरचे दूध, कांद्याचा रस हे सर्व मी डोळ्यांत घातलेले पाहिले आहे आणि त्यांपैकी एकानेही जखम भरल्याचे पाहिलेले नाही.

दवाखान्यात जखमेच्या कडेचा अगदी बारीक नमुना खरवडून काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशी दिसली तर नाटामायसिन नावाचे थेंब सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा, घालावे लागतात आणि उपचार कित्येक आठवडे चालतो. घरातील कोणीतरी हे थेंब घालण्याचे काम पूर्णवेळ अंगावर घ्यावे. सोंगणीच्या दिवसांत हे सांगणे किती जड आहे ते मला ठाऊक आहे, तरीही सांगतो.

व्रण राहिलाच आणि तो बाहुलीसमोर असला, तर थेंबांनी तो जात नाही. ‘फूल काढणारे’ औषध अस्तित्वात नाही. मग उरतो तो नेत्रदानातून मिळालेली काच बसवण्याचा मार्ग. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके उशीवर थोडे उंच ठेवावे. चष्मा होता, मधुमेह होता, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, यांमुळे दान अडत नाही.

हंगामाच्या निमित्ताने तीन गोष्टी जोडतो. पहिली चुन्याची. खर्रा घोटण्यासाठी घरोघरी चुन्याच्या पुड्या-डब्या असतात, आणि लहान मुले पुडी दाबून फोडतात ती तोंडासमोर धरूनच. चुना काचेला भाजून कायमचा पांढरा करतो. अशा वेळी दवाखान्याकडे धावण्याआधी, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याने अर्धा तास डोळा धूत राहावे, पापणी उलटून आतले खडे काढावेत आणि मग निघावे. दुसरी फवारणीची. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीने अनेक शेतकरी व मजूर दगावले, कित्येकांच्या नजरेवरही परिणाम झाला. औषध डोळ्यात उडाले तर तोच नियम, आधी पाणी. तिसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे : शनिवारी मारुतीसाठी रुईची पाने-फुले तोडताना तिचा चीक डोळ्यात गेला, तर सुरुवातीला थोडी जळजळ होते आणि थांबते, पण काही तासांनी डोळ्यासमोर धुके दाटते, काच सुजून निळसर-पांढरी दिसते. दुखत नाही म्हणून लोक थांबतात. थांबू नये, वेळेवर उपचार झाला तर ही सूज सहसा पूर्ण उतरते.

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलाचे डोळे नेहमी पिवळसर असतात. तीन वेळा काविळीचे झाडपाल्याचे औषध दिले, दोन वेळा माळ घातली. पिवळेपणा कमी-जास्त होतो पण जात नाही. थंडीत हातपाय फार दुखतात. (आरमोरी तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : डोळ्याचा पांढरा भाग पिवळा होणे हा डोळ्याचा आजार नसून रक्तातील बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य वाढल्याची खूण आहे. ते यकृत बिघडल्याने वाढते, पित्ताची नळी अडल्याने वाढते, आणि तांबड्या पेशी वेळेआधी फुटत राहिल्यानेही वाढते. वर्षानुवर्षे टिकणारा पिवळेपणा, थंडीत हाडे-सांधे दुखणे आणि तुमचा जिल्हा, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पहिला संशय सिकलसेलचा घ्यावा लागतो. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर फुटतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. पूर्व विदर्भात आदिवासींबरोबरच इतर समाजांतही तो आढळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते आणि नंतर पक्की तपासणी. देशपातळीवरचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे, त्यामुळे तपासणीसाठी खर्चाची काळजी करू नका. निदान पक्के झाले तर हायड्रॉक्सियुरिया या गोळ्यांनी दुखण्याचे झटके कमी होतात. माळ घातल्याने अपाय नाही, पण माळेवर विसंबून गेलेली वर्षे परत येत नाहीत.

डोळ्यांच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात ठेवा. सिकलसेलमध्ये डोळ्याच्या मागच्या पडद्यातील वाहिन्याही अडतात आणि त्याचा रंग बाहेरून दिसत नाही, म्हणून बाहुली मोठी करून वर्षातून एकदा पडदा तपासावा. दुसरी गोष्ट अपघाताची. विटी किंवा चेंडू लागून बुबुळासमोर आतल्या बाजूला रक्त साचले, तर इतरांत ते बहुधा निचरून जाते. सिकलसेलच्या रुग्णात, इतकेच नव्हे तर ज्याला स्वतःला काही त्रास नाही अशा वाहकातही, विळ्यासारख्या पेशी निचऱ्याची जाळी तुंबवतात आणि डोळ्याचा दाब झपाट्याने वाढतो. तेव्हा डोळ्याला मार लागला की डॉक्टर विचारोत न विचारोत, सिकलसेलचे कार्ड आधी त्यांच्यासमोर ठेवावे.

जाता जाता : गाजर-पपई फार खाल्ल्याने तळहात पिवळे होतात, डोळ्यांचा पांढरा भाग होत नाही. घरच्या घरी फरक करायला ही खूण पुरते.

प्रश्न : दोन्ही मुलांचे (वय ७ व १०) डोळे मळकट, तपकिरी दिसतात. होळी झाली की खाज सुरू होते, पावसाळ्यात कमी होते. एका दवाखान्यातून मिळालेल्या थेंबांनी लगेच आराम पडतो, म्हणून तीच बाटली दोन वर्षे आणतो आहोत. (मूल तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : ही उन्हाळी ॲलर्जी आहे. उष्ण व कोरड्या हवेत ती जास्त दिसते, मुलांत मुलींपेक्षा अधिक असते आणि वयात आल्यावर बहुतेकांची आपोआप शमते. मळकट रंग हा साचलेल्या रंगद्रव्याचा असतो आणि त्याने नजर बिघडत नाही. काळजीचे कारण रंग नसून ती बाटली आहे. ‘लगेच आराम’ देणारे थेंब बहुधा स्टेरॉईडचे असतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस वापरले तर उत्तम औषध आहेत, आणि दोन वर्षे वापरले तर काचबिंदू (डोळ्याचा दाब वाढण्याचा आजार) व मोतीबिंदू होऊ शकतात. काचबिंदूने गेलेली नजर परत मिळत नाही. दोन्ही मुलांच्या डोळ्यांचा दाब याच आठवड्यात मोजून घ्या. थंड पाण्याच्या घड्या, टोपी, ॲलर्जीचे इतर थेंब यांवर बहुतेक उन्हाळे निभावतात. सतत डोळे चोळण्याने काच शंकूसारखी पुढे येऊ शकते, म्हणून चोळण्याची सवय मोडणे हाही उपचारच आहे.

प्रश्न : मोबाईलवर बाळाचा (वय १४ महिने) फोटो काढला तर एका डोळ्याची बाहुली लाल येते आणि दुसऱ्याची पांढरी चमकते. मोबाईलचा दोष असेल का? (पुसद)

उत्तर : असेलही, कारण विशिष्ट कोनातून निरोगी डोळाही कधी तसा चमकतो; परंतु हे ठरवण्याचे काम मोबाईलचे किंवा माझे नसून, बाळाची बाहुली मोठी करून आतला पडदा पाहणाऱ्या नेत्रतज्ज्ञाचे आहे आणि ते याच दोन-तीन दिवसांत व्हावे. जन्मजात मोतीबिंदू निघाला तर लवकर केलेल्या शस्त्रक्रियेने नजर वाचते. पडद्याचा कर्करोग निघाला (तो बहुधा पाच वर्षांच्या आतील मुलांत होतो आणि डोळा तिरळा होणे हीही त्याची खूण असू शकते), तर वेळेत उपचार झाल्यास जीव वाचतो, आणि पुष्कळदा डोळाही. फोटो पुसू नका, सोबत न्या.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे. बुबुळाच्या कडेने राखाडी-पांढरे कडे आले आहे. मोतीबिंदू पिकला का? (काटोल)

उत्तर : नाही. वयाबरोबर काचेच्या कडेला स्निग्ध पदार्थ साचतात, त्याचे ते कडे आहे आणि त्याने दिसण्यात फरक पडत नाही. चाळिशीच्या आत असे कडे दिसले तर मात्र कोलेस्टेरॉल तपासावे. मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहण्याचे दिवसही गेले. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करता येते, आणि फार पिकलेला मोतीबिंदू काढणे उलट अवघड जाते.

प्रश्न : माझ्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लहानपणापासून तपकिरी ठिपका आहे. लग्नाची बोलणी चालू आहेत, तो काढता येईल का? (भंडारा जिल्हा)

उत्तर : सावळ्या वर्णाच्या माणसांत असे तपकिरी रंगद्रव्य पांढऱ्या भागावर असणे अगदी सामान्य आहे, गालावरच्या तिळाहून त्याला अधिक महत्त्व नाही. दरवर्षी एक फोटो काढून ठेवा. वाढला, उंच झाला, त्याच्यापाशी जाड रक्तवाहिन्या दिसू लागल्या किंवा मोठ्या वयात असा ठिपका नव्याने उगवला, तर तपासावे. केवळ दिसण्यासाठी काढू नये, असे माझे मत आहे. बोलण्यांचे आपण बघून घ्या.

प्रश्न : मी लोहारकाम व वेल्डिंग करतो. चार महिन्यांपूर्वी छिन्नीवर घण मारताना डोळ्यात काहीतरी गेल्यासारखे झाले, नंतर थांबले. आता त्या डोळ्याचे बुबुळ दुसऱ्यापेक्षा तांबूस दिसते आणि रात्री कमी दिसते. (खामगाव तालुका, जि. बुलडाणा)

उत्तर : घणाखालून सुटलेली लोखंडाची कपची इतक्या वेगाने येते की ती काच भेदून आत जाते, छिद्र आपोआप मिटते आणि दुखणे थांबते. आत राहिलेले लोखंड मात्र गंजत राहते. त्या गंजाने बुबुळ तांबूस होते, भिंगावर तपकिरी ठिपके पडतात आणि पडद्याच्या पेशी हळूहळू मरू लागतात. रात्री कमी दिसणे ही त्याची सुरुवात असू शकते. डोळ्याचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करून घ्या. कोणी एमआरआय सांगितला तर छिन्नीची हकीकत आधी सांगा, कारण त्या यंत्राचे चुंबक कपचीला आतल्या आत हलवू शकते. कपची सापडली तर ती पडद्याच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच काढावी लागते. तेथे जाताना, जमल्यास, त्या छिन्नीचा तुकडा बरोबर ठेवा. आत गेलेला धातू कोणता याचा अंदाज त्यावरून येतो.